शुक्रवारचा शब्द

मेधा सबनीसला शुक्रवारची धास्ती गुरुवारी संध्याकाळपासूनच लागायची. कामाची नव्हे. कामाला ती कधीच भ्यायली नाही. होफडॉर्प या डच गावातल्या त्या कंपनीत फुलांचे ट्रक कुठून निघाले आणि कुठे अडकले हे सांगणारं सॉफ्टवेअर बनायचं, आणि त्यात मेधाच्या नजरेतून सुटलेली चूक शोधून दाखवणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा होता. धास्ती होती ती एका शब्दाची.

दर शुक्रवारी सकाळी टीमची बैठक भरायची आणि तिची सुरुवात व्हायची 'चेक-इन'ने. प्रत्येकाने पिवळ्या चिठ्ठीवर एकच इंग्रजी शब्द लिहायचा, या आठवड्यात आपल्याला कसं वाटलं ते सांगणारा. चिठ्ठी फळ्यावर चिकटवायची आणि मोठ्याने वाचायची. आता ज्या माणसाला 'कसं वाटतंय?' हा प्रश्न आयुष्यात फक्त ताप आल्यावर विचारला गेला, त्याने दर आठवड्याला असा शब्द आणायचा कुठून? चिंचवडला कोणी 'काय, कसं काय?' म्हटलं की 'मजेत' म्हणायचं आणि चालू लागायचं. मेधाचं लग्न मोडलं तेव्हा सोसायटीच्या जिन्यात तिने निदान शंभर वेळा 'मजेत' म्हटलं असेल. विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. खरं सांगायला लागलात, तर तो हातातली भाजीची पिशवी घेऊन तुमच्यासमोर अडकतो, आणि त्याच्या घरी कुकर लावायचा राहतो.

पहिल्या शुक्रवारी तिने चिठ्ठीवर लिहिलं होतं 'फाइन'. बैठक संपल्यावर टीमची प्रमुख मार्लीस तिला एका छोट्या खोलीत घेऊन गेली, कॉफी दिली आणि दार लावून घेतलं. काय झालंय? घरी सगळं ठीक आहे ना? आम्ही काही करू शकतो का? नवा देश, नवी नोकरी, त्या नोकरीवर टांगलेला राहण्याचा परवाना, आणि साहेबीण दार लावून चौकशी करतेय! पुण्यातल्या तिच्या कंपनीत दार लावून बोलवायचे ते फक्त काढून टाकायला. तिने कशीबशी समजूत घातली, आणि पुढच्या शुक्रवारी ठळक अक्षरांत 'हॅपी' लिहिलं. मार्लीस खूश झाली आणि दार उघडंच राहिलं. मेधा काय ते समजली.

पण दर आठवड्याला 'हॅपी' म्हटलं की तेही शिळं होतं. मग गुरुवारी संध्याकाळी, नीउ-व्हेनेपच्या आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये कुकर लावला की ती फोनवर शब्द धुंडाळायला बसे. मूळची टेस्टर; प्रत्येक शब्द उलटापालटा करून, ठोकून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. 'ग्लॅड'ला कारण लागतं. नुसतं ग्लॅड कोणी असत नाही. 'प्लीज्ड' हा साहेबाचा शब्द. 'चिअरफुल' ऐकलं की बालवाडीतला फळा डोळ्यांसमोर येतो. 'कंटेंट' मात्र तिला मनापासून आवडला; वरणभात खाऊन हात धुतल्यावर जे वाटतं ते. 'एक्स्टॅटिक' तिने बाजूला ठेवला. उगाच मार्लीसला वाटायचं, बाई काहीतरी ओढून आली आहे. एकदा नियम मोडून तिने 'ओव्हर द मून' लिहिलं, तर टाळ्या पडल्या.

असं होता होता मेधा टीममध्ये प्रसिद्ध झाली. शुक्रवारी तिची पाळी आली की सगळे माना पुढे काढून बघायचे, आज कोणता शब्द. मार्लीस तिला कौतुकाने 'आमचं ऊन' म्हणायची, आणि ज्या देशात ऊन वर्षातून मोजून दिसतं तिथे ही काही साधी पदवी नव्हे. फक्त एक झालं. ज्याच्या चिठ्ठीवर 'थकलेला' किंवा 'वैतागलेली' असं काही असायचं, त्याच्याजवळ दुपारपर्यंत कोणी ना कोणी जाऊन बसायचं, संध्याकाळी घरी बोलवायचं. मेधाजवळ कोणी कशाला जाईल? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर परकी माणसं. चार वर्षांत तिने एकाही सहकाऱ्याचं घर आतून पाहिलं नव्हतं.

तिच्या शेजारच्या टेबलावर विम बसायचा. साठीला टेकलेला, दरवाजाएवढा माणूस, बोलणं अगदी थोडं. चिंचवडला असता तर विमकाका झाला असता. इथे नुसता विम. त्याची बायको इनेका वर्षभर आजारी होती तेव्हा तो शुक्रवारी चिठ्ठीवर सरळ एक डच शिवी लिहायचा. इंग्रजीत याला शब्द नाही, म्हणायचा, आणि खाली बसायचा. त्या वर्षभरात कोणी त्याच्या घरी सूप पोचवलं, कोणी त्याच्या कुत्र्याला फिरवून आणलं. गेल्या वर्षी इनेका गेली. त्यानंतर किती तरी शुक्रवार त्याच्या चिठ्ठीवर 'एम्प्टी' एवढाच शब्द होता, आणि कोणालाही तो बदलावासा वाटला नाही. मेधाला त्याचं नवल वाटायचं. चारचौघांत असं कसं कोणी लिहू शकतं, असं तिला वाटायचं. आणि थोडा हेवाही वाटायचा.

ऑक्टोबरात आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी, छातीत डाव्या बाजूला. आधी तिने ती नाहीच असं ठरवून पाहिलं. काही दिवस तिकडे हात नेला नाही. मग एकदा नेला, तर ती तिथेच.

इथल्या फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात आणि त्याच्याबद्दल इथल्या समस्त भारतीयांची एकच तक्रार असते: काहीही दुखणं घेऊन जा, पॅरासिटामॉल घे म्हणून परत पाठवतो. मेधा खरं तर पॅरासिटामॉल ऐकायलाच गेली होती. डॉक्टर तरुण होती. तिने तपासलं, पुन्हा तपासलं, हात धुतले आणि तिच्यासमोरच रुग्णालयात फोन लावला. पॅरासिटामॉलचं नावसुद्धा काढलं नाही.

रुग्णालयात फोटो झाले, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून झाला. सगळी माणसं गोड बोलत होती, आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटत होती. निघताना नर्स म्हणाली, "पुढच्या बुधवारी निकाल सांगू. कोणाला तरी सोबत घेऊन या. अशा वेळी एकट्या माणसाला सगळं ऐकू येत नाही. दोघं असले की लक्षात राहतं."

"हो हो, आणते ना," मेधा म्हणाली, जशी काही दारात माणसांची रांग लागली होती.

घरी आल्यावर ती विचार करायला बसली. कोणाला न्यायचं? एक माणूस हवा होता. फार काही करायचं नव्हतं त्याने, नुसतं शेजारच्या खुर्चीत बसायचं होतं.

आई, म्हणजे सरलाताई, चिंचवडला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिचा व्हिडिओ कॉल आला. सरलाताईंना स्वतःचा चेहरा पडद्यावर नीट धरता येत नसे. त्यामुळे अर्धा वेळ मेधा त्यांच्या कपाळाशी बोलायची.

"मजेत ना गं?"

"मजेत. तू?"

"मला काय धाड भरलीय! तुझा चेहरा का उतरलाय? जेवतेस ना नीट?"

"अगं लाइटमुळे तसं दिसतं. आणि वारा किती आहे इथे, सायकल मारून दमायला होतं."

"मग बस नाही का त्या देशात?"

"आहे गं आई."

"मग बसने जा. उगाच जिवाला त्रास कशाला?" आणि त्या वरच्या मजल्यावरच्यांच्या गळक्या टाकीकडे वळल्या. मेधा हुं हुं करत राहिली. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि सात समुद्रांपलीकडून त्या करणार तरी काय होत्या? देव पाण्यात घालून बसल्या असत्या, एवढंच.

मग तिने उइटहॉर्नच्या चित्राला फोन लावला. चित्राची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. माणूस मोकळा, जीव लावणारा. फक्त तिच्या सासूबाई चिंचवडला मेधाच्या आईच्याच सोसायटीत राहायच्या.

"अगं, बरं झालं फोन केलास!" चित्रा म्हणाली. "पुढच्या रविवारी ये ना, मिसळ करतेय. फरसाण आलंय इंडियाहून."

"बघते गं. चित्रा, एक विचारायचं होतं. या बुधवारी तू जरा..."

"बुधवारी नको बाई. बुधवारी मी मंडळातल्या श्रुतीकडे डबा घेऊन जाणारे. तुला नाही कळलं? तिचं ऑपरेशन झालं. युट्रस काढलं. कोणाला बोलू नकोस हं, तिने मला अगदी विश्वासाने सांगितलंय."

"छे गं, मी कोणाला सांगणार."

"तू काय विचारत होतीस?"

"काही नाही. कुकरची रिंग कुठे मिळते ते."

"आम्स्टलव्हेनला मिळते की! थांब, तुला लोकेशन पाठवते."

चित्रा वाईट नव्हती. डबा घेऊन ती मेधाकडेही धावत आली असती. पण डबा पोचायच्या आधी बातमी चिंचवडच्या जिन्यात पोचली असती, तीही अगदी विश्वासाने. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत मेधाने फोन ठेवला. थोड्या वेळाने कुकरच्या रिंगचं लोकेशन आलं. तिने अंगठा पाठवला.

मधल्या शुक्रवारी तर कहर झाला. त्या आठवड्यात टीमचं मोठं काम पार पडलं होतं, सगळे आनंदात होते, आणि मेधाच्या हातात पेन होतं. तिने 'डिलायटेड' लिहिलं. लग्नपत्रिकेतला शब्द, आतलं काहीही दिसू न देणारा. वाचताना आवाज जराही हलला नाही. मार्लीसने टाळी दिली.

दुपारी जेवायला विम आणि ती नेहमीसारखे समोरासमोर बसले. त्याच्याकडे पाव आणि चीज, तिच्याकडे पोळीभाजी. इंग्रजी दोघांचीही उसनी, त्यामुळे दोघं जपून आणि थोडकंच बोलायची.

"झोप नाही झाली का तुझी?" विमने विचारलं.

सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. 'बुधवारी माझ्याबरोबर येशील का?' एवढंच तर वाक्य. मेधाने ते सकाळपासून मनात घोळवलं होतं. पण सकाळी 'डिलायटेड' म्हणून टाळी घेतलेल्या बाईने दुपारी हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवाय या माणसाने वर्षभर त्याच रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या. त्याला पुन्हा तिथे न्यायचं? हे कारण तिला फार शहाणपणाचं वाटलं, आणि ती त्याच्या मागे लपली.

"शेजारच्यांचा टीव्ही," ती म्हणाली. "फार मोठ्याने लावतात."

"जाऊन सांग त्यांना," विम म्हणाला.

बुधवारी ती एकटीच गेली. तिथल्या थांबायच्या जागेत सगळे जोडीने बसलेले. नवरा-बायको, मायलेकी, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी एकाच वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या. मेधाने शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. मग ती पिशवी फारच एकटी दिसायला लागली म्हणून कोटही ठेवला.

नर्सने नाव पुकारलं आणि तिच्या मागे बघत विचारलं, "तुमच्या सोबतचं कोणी?"

"गाडी लावतोय," मेधा म्हणाली. का म्हणाली, देव जाणे. सायकल तर तिनेच खाली बांधली होती.

"मग थांबू या का दोन मिनिटं?"

"नको, नको. त्याला नेहमी वेळ लागतो."

डॉक्टरबाई आत आल्या त्याच हसत आल्या. साधी गाठ आहे, म्हणाल्या. घातक काहीही नाही. एप्रिलमध्ये एकदा पुन्हा बघू, फक्त खात्रीसाठी. त्या आणखीही काही बोलल्या, पण नर्सने सांगितलं होतं तसंच झालं. मेधाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. दुसरं ऐकणारं कोणी नव्हतं.

"किती आनंद झाला असेल तुम्हाला!" दारापर्यंत सोडताना नर्स म्हणाली. "आता पहिल्यांदा कोणाला सांगणार?"

"त्यालाच," मेधा म्हणाली. "खाली असेल."

आनंद झाला होता, हे खरं होतं. इतका, की कालव्याच्या कडेने सायकल हाणताना ती मोठ्याने हसली आणि पाण्याकाठचा बगळा दचकून उडाला. समोरून वारा अंगावर येत होता, नेहमी त्याला शिव्या घालणारी मेधा आज त्याच्यावरसुद्धा खूश होती. पुलावर ती उतरली, सायकल कठड्याला टेकवली आणि फोन काढला. सांगायलाच हवं होतं कोणाला तरी. आईच्या नावावर बोट नेलं आणि थांबली. चित्राच्या नावावर नेलं आणि थांबली. आनंद सांगायचा तर आधी भीती सांगावी लागत होती, आणि भीती तिने कोणालाच सांगितलेली नव्हती. 'माझं काही नाही निघालं' म्हटलं की समोरचा विचारणार, 'म्हणजे काय होतं?' आणि मग, 'मला का नाही सांगितलंस?' तिने फोन परत ठेवला. त्या पुलावर तिला जसं एकटं वाटलं, तसं गाठ लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. भ्यायला माणूस एकटा पुरतो. हे मात्र एकटीला झेपेना.

घरी येऊन तिने साजूक तुपातला शिरा केला. सवय नसल्यामुळे तो दोघांना पुरेल एवढा झाला. तिने तो सगळा एकटीने खाल्ला आणि भांडं घासून ठेवलं.

गुरुवारी संध्याकाळी ती शब्द शोधायला बसली तर एकही शब्द उरलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्या चिठ्ठीवर लिहिण्याजोगं खरं काही घडलं होतं, आणि जवळचे सगळे चांगले शब्द तिने आधीच उडवून टाकले होते. सणाच्या आधीच डबे रिकामे करून बसलेल्या पोरासारखी तिची गत झाली. 'हॅपी' तर कधीच गुळगुळीत झाला होता. 'डिलायटेड' गेल्याच शुक्रवारी भीतीवर पांघरूण घालायला वापरला होता. ती शोधत राहिली, आणि मग तो सापडला: 'रिलीव्ह्ड'. ओझं उतरल्याचा आनंद. शब्द अंगच्या कपड्यासारखा बसला. अडचण एवढीच होती की ओझं उतरलं म्हणणाऱ्याला ओझं होतं हे आधी कबूल करावं लागतं. तिने फोन पालथा ठेवला, सुलटा केला, पुन्हा पालथा ठेवला.

शुक्रवारी सकाळी स्टेशनजवळच्या बेकरीवरून जाताना तिने काही न ठरवता सफरचंदाचा मोठा केक घेतला. या लोकांत ज्याच्याकडे आनंदाची बातमी असते तोच सगळ्यांना केक खिलवतो, आणि आपल्यातही पेढे वाटणारा माणूस कशाचे पेढे ते सांगतोच. केक टेबलावर ठेवला म्हणजे परतीचा रस्ता बंद, हे तिला कळत होतं. सायकलच्या टोपलीत तो खोका सांभाळत ती इतक्या हळू गेली की आयुष्यात पहिल्यांदा तिला उशीर झाला.

"केक!" मार्लीस म्हणाली. "कशाबद्दल? वाढदिवस तर नाही तुझा."

"आधी चेक-इन करू," मेधा म्हणाली.

तिने चिठ्ठीवर 'रिलीव्ह्ड' लिहिलं, फळ्यावर चिकटवलं आणि वाचलं. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. टाळी वाजली नाही. हा शब्द तिच्या नेहमीच्या शब्दांतला नव्हता.

"कशातून?" मार्लीसने विचारलं.

"गाठ होती," मेधा म्हणाली, आणि हात उगाचच डावीकडे गेला. "तपासलं. काही नाही निघालं. बुधवारी कळलं."

मग सगळे एकदम उठले. कोणी मिठी मारली, कोणी गालाला गाल लावला, इथल्या रीतीप्रमाणे अभिनंदन, अभिनंदन झालं. मेधाला वाटलं, झालं, सुटले. पण मार्लीस जागेवरच होती. तिचा चेहरा लहान मुलासारखा पडला होता.

"गेल्या शुक्रवारी तू डिलायटेड होतीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "मी तुला टाळी दिली."

"हो."

"मग त्याआधीचे शब्द? तेही असेच?"

मेधाला पटकन एक चांगलंसं उत्तर सुचलं. ते तिने गिळलं. "बरेचसे," ती म्हणाली.

विम केकची बशी हातात धरून बसला होता. त्याने विचारलं, "बुधवारी तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

विमने बशी टेबलावर ठेवली, उठला आणि खोलीबाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, पण सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बैठक पुढे चालू झाली. ट्रक, तारखा, कोणाकडे कोणतं काम. मेधाला त्यातलं काही कळत नव्हतं. आपण आनंदाची बातमी सांगितली आणि दोन माणसं दुखावली, एवढंच तिला कळत होतं, आणि असं का व्हावं याचा तिला रागही येत होता. माझी गाठ, माझी भीती, मी कोणाला त्रास दिला नाही, तर यांना राग कसला? तिच्या घरी याला सोशिकपणा म्हणत. यासाठी तिची आई चारचौघींत तिचं कौतुक करायची.

बैठकीनंतर ती जागेवर गेली तर विम आपल्या टेबलाशी बसला होता. पडद्यावर काहीच चालू नव्हतं. ती बसली.

"मी त्या जागेत वर्षभर बसलोय," विम पडद्याकडे बघतच म्हणाला. "इनेका आणि मी. तिथे कधी कधी एखादी बाई एकटी असायची. शेजारी पिशवी ठेवून. इनेकाला ते बघवायचं नाही. घरी येताना गाडीत म्हणायची, बिचारीला कोणीच नाही वाटतं. स्वतः इतकी आजारी, तरी त्या दुसऱ्या बाईसाठी रडायची." तो थांबला. मग खुर्ची वळवून तिच्याकडे बघितलं. "तुला होतं की कोणीतरी. तुझ्यापासून हातभर अंतरावर बसलं होतं. तू विचारलं नाहीस."

"तुला पुन्हा तिथे..."

"ते मी ठरवलं असतं."

तिचे डोळे भरून आले. ऑफिसात, सगळ्यांदेखत, भर सकाळी ती रडत होती आणि शब्द सावरत नव्हती. विमने रुमाल वगैरे पुढे केला नाही. तो नुसता बसून राहिला.

"एप्रिलमध्ये परत बोलावलंय," ती शेवटी म्हणाली. मोडलेलं लग्न, चार वर्षं, सगळं पुढच्या वाक्याच्या आड येत होतं. "येशील? माझ्याबरोबर?"

"आत्ता विचारतेस," विम म्हणाला. त्याचा राग गेला नव्हता. त्याने कॅलेंडर उघडलं. या देशात माणूस जेवायलासुद्धा तीन आठवडे आधी कॅलेंडर बघून येतो, आणि विम त्यातलाच. "तारीख?"

"अजून दिलेली नाही. पत्र येईल."

"तिथे निकाल बुधवारीच सांगतात," विम म्हणाला. त्याने एप्रिल महिना काढला, त्यातल्या एकूण एक बुधवारावर 'मेधा' असं टाईप केलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता केक आण. मी खाल्लेला नाही."